खाज किती येते त्यावरून खरूज किती गंभीर हे ठरत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरच्या आरोग्याच्या पानावर खरजेबद्दल आलेली माहिती वाचली आणि राहवेना म्हणून लिहायला बसले. खरूज संसर्गजन्य आहे, घरातल्या सगळ्यांनी एकदमच औषध लावायचं, हे त्यात बरोबरच दिलंय, पण दोन वाक्यं मला फार खटकली. एक म्हणजे जितकी खाज जास्त तितका आजार जास्त, आणि दुसरं म्हणजे रोज स्वच्छ आंघोळ केली की खरूज आटोक्यात राहते. लोकांच्या डोक्यात हे आधीपासूनच पक्कं बसलेलं असतं, त्यात पेपरने छापलं की मग विषयच संपला. मी बरीच वर्षं नर्स म्हणून काम केलंय, आधी त्वचारोगाच्या वॉर्डात आणि नंतर वृद्धांच्या देखभालीत, आणि या दोन समजुतींमुळे किती लोकांचे हाल होतात ते जवळून बघितलंय, म्हणून पत्र जरा लांबलं तरी छापावं ही विनंती.

आधी थोडं ज्या किड्यामुळे खरूज होते त्याच्याबद्दल, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळत नाही. हा कोळ्याच्या कुळातला आठ पायांचा जीव, मादी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान, नजर चांगली असेल तर जेमतेम ठिपका दिसतो. ती कातडीच्या सगळ्यात वरच्या मेलेल्या थरात बोगदा करत जाते, रोज २-३ अंडी घालते आणि महिना-दीड महिना जगते. अंडी ३-४ दिवसांत फुटतात आणि साधारण दोन आठवड्यांत पुढची पिढी तयार. १६८७ साली इटलीत बोनोमो नावाचे डॉक्टर आणि चेस्तोनी नावाचे औषधविक्रेते या दोघांनी सूक्ष्मदर्शकाखाली हा किडा बघून खरजेचं कारण हाच आहे असं लिहून ठेवलं होतं, तरी पुढची जवळजवळ दीडशे वर्षं बहुतेक वैद्यमंडळी हा रक्तातला दोष आहे असंच मानत राहिली. शेवटी १८३४ साली पॅरिसमध्ये रेनुची नावाच्या एका विद्यार्थ्याने सुईच्या टोकावर किडा काढून सगळ्यांसमोर दाखवला तेव्हा कुठे वाद मिटला.

आता मुख्य मुद्दा. नेहमीच्या खरजेत अंगावर किती किडे असतील असं लोकांना विचारलं तर हजारो म्हणतील, कारण खाज तशीच असते, रात्र रात्र झोप नाही. प्रत्यक्षात पूर्ण अंगावर मिळून १०-१५ माद्या असतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये शेफील्डला केनेथ मेलनबी या शास्त्रज्ञाने शेकडो रुग्णांच्या अंगावरचे किडे चक्क एकेक करून मोजले होते, सरासरी निघाली साधारण ११. त्यातले बहुतेक हातांवर आणि मनगटांवर. म्हणजे पोटावर, मांड्यांवर, कमरेभोवती जे एवढं पुरळ उठलेलं असतं त्यातल्या बऱ्याच ठिकाणी किडा नसतोच, ती शरीराची ॲलर्जी असते, किड्याच्या लाळेला, अंड्यांना, विष्ठेला शरीराने दिलेलं उत्तर.

त्यामुळे खाज किती आहे हे तुमची प्रतिकारशक्ती किती चिडलीय ते सांगते, किडे किती आहेत ते सांगत नाही. पहिल्यांदाच खरूज झालेल्या माणसाला तर ४ ते ६ आठवडे काहीच जाणवत नाही, कारण शरीराला अजून ओळखच पटलेली नसते, आणि त्या काळात तो मजेत सगळ्यांमध्ये वावरतो, मुलांना कुशीत घेऊन झोपतो, आणि पसरवतो. आधी एकदा होऊन गेलेल्याला मात्र १ ते ४ दिवसांत खाज सुटते. मेलनबीने स्वयंसेवकांवर प्रयोग केले त्यातही हेच दिसलं, दुसऱ्या वेळी खाज लगेच आली आणि किडे मात्र पहिल्यापेक्षा कमी राहिले. म्हणजे ज्याला जास्त खाज त्याच्या अंगावर किडे कमी असंही होऊ शकतं! एकाच घरात एकाला भयंकर त्रास आणि दुसऱ्याला काहीच नाही हे आम्ही सारखं बघायचो, आणि दुसरा हमखास म्हणायचा मला काही नाही, मला कशाला औषध.

आणि याच्या अगदी दुसऱ्या टोकाला जी खरूज असते तिच्याबद्दल आपल्या पेपरमधल्या माहितीत एक ओळसुद्धा नव्हती, त्याचं मला खरंच वाईट वाटलं. तिला खपल्यांची खरूज म्हणूया. १८४८ साली नॉर्वेत डॅनिएलसन आणि बोक यांनी कुष्ठरुग्णांमध्ये तिचं वर्णन केलं म्हणून पुष्कळ वर्षं ती नॉर्वेजियन खरूज म्हणूनच ओळखली जायची. यात कातडी जाड होते, राखाडी-पिवळट खपल्या धरतात, हातांवर, कोपरांवर, डोक्यात, कधी नखांखाली, भेगा पडतात, आणि त्या खपल्यांमध्ये किडे हजारोंनी, कधी लाखोंनी असतात. आणि खाज? अनेकांना थोडीशी, काहींना अजिबात नाही. हाच माणूस सगळ्यात गंभीर आजारी आणि हाच सगळ्यात जास्त पसरवणारा, आणि खाजेवरून आजार मोजायचा ठरवला तर नेमका हाच सुटतो.

मी एका ठिकाणी वृद्धांच्या देखभालीचं काम करत होते तिथे एक आजोबा होते, स्मृतिभ्रंश झालेले, बोलणं जवळजवळ बंद. त्यांच्या तळहातांवर, पायांवर जाड पांढरट खपल्या. कोणी म्हणे सोरायसिस, कोणी म्हणे म्हातारपणाची कोरडी कातडी, मलमं चालू होती. आजोबा खाजवत नव्हते, तक्रार करत नव्हते, म्हणून कुणालाच घाई नव्हती. मग त्यांची आंघोळ घालणाऱ्या ताईंना खाज सुटली, मग रात्रपाळीच्या दोघांना, मग शेजारच्या खाटेवरच्या आजींना, तेव्हा एका त्वचारोगतज्ज्ञांनी आजोबांची एक खपली काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि आम्हाला बघायला बोलावलं. एका खपलीत किती किडे होते ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. त्या आजोबांना आतून काय होत असेल ते सांगायची सोयच नव्हती. अशा माणसांसाठी कोणीतरी बोलायला हवं, म्हणून हे सगळं लिहितेय.

अशी खरूज कुणाला होते? ज्यांची प्रतिकारशक्ती कमी झालीय त्यांना, म्हणजे एचआयव्हीचा संसर्ग पुढे गेलेले, अवयव बदलल्यावर औषधं घेणारे, कॅन्सरचे उपचार चालू असलेले, बरेच दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या घेणारे, एचटीएलव्ही-१ या विषाणूचा संसर्ग असलेले. डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींमध्येही दिसते. पण एवढंच नाही, ज्यांना खाज जाणवत नाही किंवा खाजवताच येत नाही त्यांनाही होते, म्हणजे अर्धांगवायू झालेले, हाताची संवेदना गेलेले, कुष्ठरोगाने बधिरता आलेले, अंथरुणाला खिळलेले. कारण खाजवणं ही नुसती वाईट सवय नाही, खाजवण्याने बोगदे फुटतात, किडे निघून जातात, मरतात. जे शरीर खाजवू शकत नाही तिथे किड्यांना मोकळं रान. आणि काही लोकांमध्ये वरवर कुठलंच कारण सापडत नाही, उत्तर ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी वस्त्यांमध्ये डॉक्टरांनी असे बरेच रुग्ण पाहिलेत, म्हणजे काहींच्या शरीराची या किड्याशी लढायची पद्धतच वेगळी असते. त्यांच्या रक्तात आयजीई नावाची ॲलर्जीची प्रतिद्रव्यं प्रचंड वाढलेली सापडतात, म्हणजे शरीर झोपलेलं नसतं, लढत असतं, पण ज्या लढाईने किडे आटोक्यात येतात ती ही नव्हे.

यापुढचं मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते मलमांबद्दल. खाज आली की लोक मेडिकलमधून खाजेची ट्यूब आणतात, त्यात बहुतेक वेळा स्टिरॉइड असतं, सोबत बुरशीचं आणि जंतूंचं औषध एकत्र केलेलं. लावलं की दोन दिवसांत खाज कमी, लालसरपणा कमी, माणूस खूश, शेजाऱ्यालाही तीच ट्यूब सुचवतो. पण स्टिरॉइडने किडा मरत नाही. जी ॲलर्जी किड्यांना थोडंफार रोखून धरत होती तीच दाबली जाते आणि किडे आत वाढत राहतात. मग पुरळ नेहमीसारखं दिसत नाही, वेगळ्याच जागी, वेगळ्याच रूपात दिसतं, डॉक्टरसुद्धा फसतात, एक्झिमा समजून आणखी कडक स्टिरॉइड दिलं जातं आणि साध्या खरजेची खपल्यांची खरूज होऊ शकते. लहान बाळांच्या बाबतीत तर फारच सांभाळायला हवं कारण त्यांची कातडी पातळ, औषध आत जास्त शोषलं जातं. म्हणून माझं म्हणणं असं की ज्या पुरळाने घरातल्या दुसऱ्या कुणालाही खाज सुटलीय, जी खाज रात्री वाढते, जी बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, काखेत, बेंबीभोवती, जांघेत आहे, तिच्यावर डॉक्टरला दाखवल्याशिवाय कुठलीही ट्यूब लावू नका. लावून झाली असेल तर डॉक्टरला ते आधी सांगा, रिकामी ट्यूब सोबत न्या, लपवू नका.

वयाचाही मोठा भाग आहे. मोठ्या माणसांना सहसा मानेच्या वर होत नाही, पण तान्ह्या बाळांना डोक्यात, चेहऱ्यावर, तळहातांवर, तळपायांवर होतं, पाण्याने भरलेले फोड येतात, आणि बाळ खाजवू शकत नाही म्हणून नुसतं चिडचिडं होतं, दूध नीट पीत नाही, झोपत नाही. आई-बापाला वाटतं दात येतायत. वृद्धांमध्ये उलट पुरळ फार कमी आणि पाठीवर वगैरे, त्यामुळे म्हातारपणाची खाज म्हणून सोडून देतात.

पुढचा मुद्दा जखमांचा, आणि माझ्या मते हा सगळ्यात दुर्लक्षित. खरजेने माणूस सहसा मरत नाही म्हणून लोक तिला किरकोळ समजतात. पण खाजवून खाजवून कातडी फुटते आणि त्यातून स्ट्रेप्टोकॉकस आणि स्टॅफिलोकॉकस हे जंतू आत शिरतात, पू होतो, पिवळ्या खपल्या धरतात. त्यात हा किडा आणखी एक करतो, तो अशी प्रथिनं सोडतो की आपल्या रक्तातली जंतू मारायची एक यंत्रणा त्या जागी लंगडी पडते, म्हणजे जंतूंना आयतीच वाट करून मिळते. मग गळू, सेल्युलायटिस म्हणजे कातडीखाली पसरत जाणारा जंतूंचा संसर्ग, कधी रक्तात जंतू पसरणं, आणि स्ट्रेप्टोकॉकसमुळे काही आठवड्यांनी किडनीला सूज. मुलाचं तोंड सकाळी सुजलेलं दिसतंय, लघवी चहासारखी गडद होतेय, बीपी वाढलंय, आणि महिन्यापूर्वी खरजेच्या जखमा झाल्या होत्या, या दोन गोष्टींचा संबंध पालकांच्या लक्षातही येत नाही. हृदयाच्या झडपा बिघडवणाऱ्या ऱ्हुमॅटिक तापाशीही या त्वचेच्या संसर्गाचा संबंध असावा असं अनेक तज्ज्ञांना वाटतं. मधुमेह असलेल्यांनी तर पू झालेल्या खरजेला एक दिवसही अंगावर काढू नये.

आता स्वच्छतेचं. आंघोळीने हा किडा जात नाही, तो कातडीच्या आत असतो, साबणाने, गरम पाण्याने त्याला काही होत नाही, उलट गरम पाण्याने खाज वाढते. रोज दोनदा आंघोळ करणाऱ्यालाही खरूज होते, फक्त त्याच्या अंगावर खुणा कमी दिसतात म्हणून ओळखायला उशीर होतो. स्वच्छतेचा उपयोग आहे तो जखमांमध्ये जंतू जाऊ नयेत म्हणून, नखं कापलेली असावीत म्हणून. खरजेचं खरं कारण म्हणजे कातडीला कातडी लागून राहणं, बराच वेळ. एका खोलीत पाच-सहा जणांनी झोपणं, एकाच अंथरुणात मुलं, वसतिगृह, तुरुंग, निर्वासितांच्या छावण्या, वृद्धाश्रम. ज्याला वेगळं झोपायला जागा नाही त्याला तुम्ही अस्वच्छ म्हणून हिणवता तेव्हा त्याच्यावर दुहेरी अन्याय होतो. आणि त्या लाजेनेच लोक लपवतात. शाळेत मुलाला वेगळं बसवतील, सून आणताना बोलणी ऐकावी लागतील, कामावरून काढतील, म्हणून महिनोन्महिने कुणाला सांगत नाहीत, लांब बाह्यांचे कपडे घालतात, ट्यूब लावत राहतात, आणि तोवर सगळं घर, जखमा, किडनी सगळं पुढे गेलेलं असतं. आजार वाढवण्यात लाजेचा वाटा किड्याइतकाच आहे असं मला अनुभवाने वाटतं, आणि स्वच्छतेचं ते वाक्य ही लाज वाढवतं, म्हणून मी त्यावर एवढी अडून बसलेय.

कपड्या-अंथरुणांबद्दल थोडक्यात, कारण लोक औषधापेक्षा यावरच जास्त दमतात. नेहमीच्या खरजेत किडा अंगाबाहेर दोन-तीन दिवसांच्या वर जगत नाही. मेलनबीने रुग्णांनी नुकतीच वापरलेली पांघरुणं स्वयंसेवकांना वापरायला दिली होती, त्यातून फारच थोड्यांना लागण झाली. त्यामुळे गेल्या दोन-तीन दिवसांत वापरलेले कपडे, चादरी, टॉवेल गरम पाण्यात धुवायचे, ५० अंशांच्या वर १० मिनिटं पुरतात, जे धुता येत नाही ते प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून काही दिवस ठेवायचं, बस. गाद्या जाळायची, घरभर फवारणी करायची गरज नाही. खपल्यांच्या खरजेत मात्र हे लागू नाही, तिथे गळलेल्या पापुद्र्यांतही किडे जास्त दिवस तग धरतात, खोली, खुर्च्या, अंथरूण सगळं नीट साफ करावंच लागतं आणि थोडा वेळ हात लागला तरी लागण होऊ शकते, हातमोजे, गाऊन घालून काम करावं लागतं.

उपचार अर्धवट झाल्याने आजार किती चिघळतो हेही सांगायला हवं. ५ टक्के पर्मेथ्रिनचं क्रीम मानेपासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्यात, नखांखाली, बेंबीत, गुप्तांगावर, पाठीवर सगळीकडे लावून ८ ते १४ तास ठेवायचं असतं, आणि आठवड्याने पुन्हा. बाळांना आणि वृद्धांना डोक्यालाही लावावं लागतं, ते डॉक्टर सांगतील तसं. लोक काय करतात, जिथे खाज तिथे ठिपके ठिपके लावतात, मग हात धुतात आणि हातावरचं, म्हणजे जिथे किडे सगळ्यात जास्त तिथलंच औषध, धुऊन जातं. एक ट्यूब चार जणांत पुरवतात. एकजण आज लावतो, दुसरा पुढच्या रविवारी, आणि किडा एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो. मग म्हणतात औषधाचा गुण नाही. आता पर्मेथ्रिनला किडे दाद देत नाहीत अशा तक्रारी गेल्या काही वर्षांत वाढल्यात हे खरं आहे आणि त्यावर अभ्यास चालू आहे, पण औषध बदला म्हणण्याआधी ते नीट लावलं होतं का हे डॉक्टरांनी वेळ काढून विचारायलाच हवं, आणि नर्सने लावून दाखवायला हवं.

आयव्हरमेक्टिनच्या गोळ्याही आहेत, वजनाप्रमाणे, दर किलोला २०० मायक्रोग्रॅम, आणि एक-दोन आठवड्यांनी दुसरा डोस, कारण ही गोळी अंडी मारत नाही, अंड्यांतून निघालेल्यांना पुन्हा गाठावं लागतं. दुसरा डोस चुकवणारे फार. १५ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांना आणि गरोदर बायकांना ती सहसा देत नाहीत, त्यांच्यासाठी लावायची औषधं आहेत, तेव्हा स्वतःच्या मनाने गोळी घेऊ नये. खपल्यांच्या खरजेत एक-दोन डोसांनी भागत नाही, गोळीचे अनेक डोस, वरून क्रीम, आणि खपल्या मऊ करून काढायला सॅलिसिलिक ॲसिड किंवा युरियाचं मलम असं सगळं एकत्र चालतं, नाहीतर औषध खपलीच्या आत पोचतच नाही. बऱ्याचदा दवाखान्यात भरती व्हावं लागतं.

आणि एक गोष्ट जी प्रत्येक पेशंटला मी सांगायचे, औषध बरोबर लागल्यानंतरही २ ते ४ आठवडे खाज राहू शकते. किडे मेले तरी त्यांचं अंग, अंडी, विष्ठा कातडीत असते, ती कातडी गळून जाईपर्यंत ॲलर्जी चालू राहते. काहींना काखेत, गुप्तांगावर गाठी येतात, त्या तर महिनोन्महिने राहतात. लोक घाबरून रोज क्रीम लावत सुटतात, त्याने कातडी भाजल्यासारखी होते आणि खाज आणखी वाढते, मग वाटतं किडे वाढलेत. इथेही तेच, खाज चालू आहे म्हणजे आजार चालू आहे असं नाही. नवे बोगदे, नवं पुरळ दिसतंय का, चार-सहा आठवड्यांनंतरही खाज आहे का, घरात कुणी उपचार न घेतलेलं आहे का, यावरून ठरवायचं, आणि ते डॉक्टरने ठरवायचं.

हा आजार आटोक्यात येऊच शकत नाही असं मात्र नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली खरजेला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घातलं, त्यांच्या अंदाजाने कुठल्याही वेळी जगात २० कोटींहून जास्त लोकांना खरूज असते. फिजीमध्ये एक मोठा प्रयोग झाला, २०१५ साली प्रसिद्ध झाला, त्यात काही बेटांवर आजारी असो वा नसो सगळ्यांनाच आयव्हरमेक्टिन दिलं, काहींवर सगळ्यांना पर्मेथ्रिन, आणि काहींवर नेहमीसारखं फक्त आजारी माणसाला आणि त्याच्या घरच्यांना औषध. वर्षभराने गोळीवाल्या बेटांवर खरूज ३२ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आली, क्रीमवाल्यांवर ४२ वरून १६, आणि नेहमीच्या पद्धतीत ३७ वरून १९. गोळीवाल्यांमध्ये त्वचेवरच्या पुवाच्या जखमासुद्धा दोन तृतीयांश कमी झाल्या. एवढं साध्य होतं ते सगळ्यांना एकदम औषध दिल्यामुळे, तुला खाज आहे का हे न विचारता. ज्याला खाज नाही त्यालाही औषध का, या प्रश्नाचं याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

तेव्हा संपादक महोदय, माझी मागणी दोन गोष्टींची. एक, ती दोन वाक्यं दुरुस्त करून पुन्हा छापावीत, आधी होती त्याच पानावर आणि तेवढ्याच मोठ्या अक्षरात. दुसरं, एखाद्या त्वचारोगतज्ज्ञाकडून खपल्यांच्या खरजेवर फोटोसकट लेख घ्यावा, विशेषतः घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा करणाऱ्यांसाठी. त्या माणसाचे तळहात, बोटांच्या बेचक्या, कोपरं, नखं, कानामागची जागा आठवड्यातून एकदा उजेडात बघा, जाड खपली दिसली आणि सेवा करणाऱ्याला रात्री खाज येत असेल तर दोघांनी एकत्र डॉक्टरकडे जा, आणि खपली सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा, ही तपासणी काही मिनिटांची असते. एवढं जरी लेखात आलं तरी चालेल.

आपली,
एक निवृत्त परिचारिका